किलिकाचे बंदर

हर्णै, नारळी पौर्णिमा

आज दुपारी बंदरावर दर्याला नारळ वाहिला. परतताना पावसाची मोठी सर आली आणि दिवेलागणीला वीज गेली. मग लॅपटॉपच्या बॅटरीवर 'फायनल फँटसी एक्स' या व्हिडिओ गेमची रिमास्टर केलेली, म्हणजे चित्रे आणि आवाज नव्याने सुधारलेली, आवृत्ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. ही माझी चौथी फेरी. दुसरा कोणताही खेळ मी दोनदासुद्धा पूर्ण केलेला नाही, तेव्हा याच्याकडेच पाय पुन्हा पुन्हा का वळतात ते आज लिहून ठेवावेसे वाटले.

मूळ खेळ 2001 सालचा, प्लेस्टेशन 2 वरचा. मी तो प्रथम पाहिला डोंबिवलीला मावसभावाच्या घरी, मे महिन्याच्या सुट्टीत, नुसता त्याच्या शेजारी बसून. इंग्रजी संवाद निम्मेही कळत नव्हते. पण पडक्या शहराजवळ शेकोटीभोवती मुकाट बसलेली माणसे आणि त्या दृश्यावर वाजणारा संगीतकार नोबुओ उएमात्सु यांचा पियानो मनात राहून गेला. रिमास्टर 2016 साली संगणकावर आला, तेव्हा मी तो पहिल्या पगारातून विकत घेतला आणि कथानायक टीडस, युना, वाका ही खेळातली मंडळी मला तेव्हा कुठे खरी भेटली.

परंतु हा खेळ माझा झाला तो निसर्ग चक्रीवादळानंतर. 3 जून 2020 रोजी वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि आमच्या दापोली तालुक्यालाही त्याने झोडपून काढले. पडवीवरची कौले पत्त्यांसारखी उडाली. आजोबांनी लावलेल्या पोफळी, ज्यांना आई नावानिशी ओळखावे तशी ओळखत असे, दुपारपर्यंत आगरात एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. वीज यायला कित्येक आठवडे लागले. ती आल्यावर एका रात्री मी अर्धवट सोडलेला खेळ उघडला, तर कथा नेमकी किलिकाच्या वाटेवर होती.

किलिका हे पाण्यावर लाकडी फळ्या टाकून वसलेले बंदर आहे. 'सिन' नावाचा महाकाय जलचर त्या दिशेने निघालेला दिसतो, तेव्हा बोटीवरचे खलाशी त्याच्यावर भाले सोडतात. बोट बुडण्याचा धोका त्यांना कळत असतो, पण त्यांची बायकामुले त्या बंदरात असतात. उपयोग काही होत नाही. लाटेत किलिका उद्ध्वस्त होते. संध्याकाळी युना अनवाणी पायांनी पाण्यावर चालत जाते. खाली पाण्यात फुलांनी सजवून गुंडाळलेले मृतदेह असतात, ती नाचू लागते, मशालींच्या ज्वाळा निळ्या होतात आणि तिच्या पायाखालचे पाणी खांबासारखे वर चढते. काठावर माणसे रडत असतात. या क्रियेशिवाय मृतांना गती मिळत नाही, ते जिवंतांचा हेवा करत राक्षस होतात, अशी त्या जगाची समजूत आहे. दुसऱ्या दिवशी तेच लोक फळ्या जोडताना दिसतात. आधी रडणे, मग फळ्या, हा क्रम मी आमच्या वाडीत नुकताच पाहिला होता. आई दोन दिवस आगरात गेली नाही. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन गेली.

वादळानंतर काही वडीलधारी माणसे म्हणत होती की पाप वाढले, म्हणून हे झाले. खेळातील येवॉन धर्मही हेच शिकवतो: माणसांनी यंत्रे वापरली म्हणून सिन आला, प्रायश्चित्त पुरे झाले की जाईल. सिनला संपवायला निघालेला प्रत्येक समनर, म्हणजे अद्भुत शक्तींना आवाहन करणारा साधक, स्वतःचे प्राण देतो, त्या मोबदल्यात काही वर्षांची शांतता मिळते आणि सिन परत येतो. युनाचे वडीलही असेच गेले आणि तीही समनर आहे. ही मुलगी सतरा वर्षांची आहे, शेवट काय होणार हे तिला पहिल्या पावलापासून ठाऊक आहे आणि तिच्या सोबत्यांनाही. ठाऊक नसते ते फक्त टीडसला आणि आपल्याला. ते उघड होते तेव्हा मी खेळ थांबवून पडवीत जाऊन बसलो होतो, कारण तोवर वाटेत भविष्याचे बेत आखून तिला सांगणारा टीडस मला माझ्यासारखाच वाटला होता. पुढे ही मंडळी त्या परंपरेलाच नकार देतात. तो नकार मला शूर वाटतो, कारण देव मानणारी माणसेच तो विचारपूर्वक देतात.

लढाईची रीतही मला मानवते. पुढची पाळी कोणाची हे पडद्याच्या कडेला दिसत असते आणि आपली पाळी आली की वेळ आपल्यासाठी थांबतो. आपल्या सात जणांपैकी कोणालाही, पाळी न गमावता, लढाईत बोलावता येते. रिमास्टरविषयी मात्र एक तक्रार आहे: युनाच्या नव्या चेहऱ्यावर जुन्या चेहऱ्यावरचे भाव तितके उमटत नाहीत. संगीत नवे घ्यावे की मूळचे, ही निवड संगणकावरच्या आवृत्तीत आहे. मी मूळचेच ठेवतो. खेळ चौपट वेगाने पळवण्याची सोयही आहे, पण किलिकाला मी ती कधी वापरलेली नाही.

आज बॅटरी संपत आली तेव्हा युना पाण्यावरून परतली होती. तिथेच खेळ जतन करून ठेवला. आईने कंदील लावला आहे आणि नारळीभात वाढून ठेवला आहे. आगरात लावलेल्या नव्या पोफळी पावसात हलताना ऐकू येत आहेत.