मटण कुठून आणलंत?

भंडारदऱ्याला शेंडीच्या थोडं पुढे एक बंगला आहे, चार बेडरूम, खाली मोठा हॉल, हॉललाच लागून किचन आणि समोर आर्थर लेक. मालक पुण्याला असतात, बघते मी. बघते म्हणजे बुकिंगपासून चादरीपर्यंत सगळं, फक्त स्वयंपाक सोडून, कारण आमच्याकडे जेवण आपलं आपण करायचं असतं. दोन सिलिंडर, चार बर्नरची शेगडी, मोठा कुकर, लहान कुकर, पोळपाट लाटणं, मिसळणाचा डबा भरलेला, एवढं आम्ही देतो. तरी दर दोन बुकिंगमागे एकजण रात्री आठला फोन करून विचारतोच की ताई जेवायला काय आहे. मी म्हणते, तुम्ही काय आणलंय ते आहे.

ही गोष्ट ऑगस्ट २०२४ ची. ४ तारखेला रविवारी दीप अमावस्या होती, म्हणजे गटारी, आणि सोमवारपासून श्रावण. असा वीकेंडला जोडून आलेला मुहूर्त म्हणजे आमच्याकडे दिवाळी. बंगला दीड महिना आधीच गेला होता, डोंबिवलीची एक फॅमिली, तीन पिढ्या मिळून बारा माणसं. आजी, दोन मुलगे सुना, मुलगी आणि जावई, दोन कॉलेजच्या मुली आणि तीन बारकी पोरं. शुक्रवारी रात्री घोटीवरून आले ते धुक्यातच आले आणि शनिवारी सकाळी थोरल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, लेक कुठंय? मी हात करून दाखवलं, तिकडे. तिकडे पांढरं होतं सगळं. उघडीप असली तर गॅलरीतून पाणी दिसतं, मागे रतनगड दिसतो, अगदी स्वच्छ दिवस असला तर त्याचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, तेही ओळखू येतं, पण ऑगस्टात तो दिवस तुमच्या नशिबात असेल तर. कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, इथून जवळ आहे आणि पावसाळ्यात ते आहे यावर विश्वास ठेवावा लागतो.

मटण मी आणलं. त्यांनीच सांगितलं होतं. शनिवारी सकाळी साडेसातला राजूरला रांगेत उभी राहिले, तीन किलो मटण समोर कापून घेतलं, दोन किलो चिकन लेगपीस. गटारीच्या आदल्या दिवशीची रांग काय असते ते ज्याने उभं राहून बघितलंय त्यालाच कळेल. आणून दिलं तेव्हा धाकट्या काकांनी वास घेऊन बघितला आणि म्हणाले वा मावशी. हे वा मावशी लक्षात ठेवा.

दुपारी एकच्या सुमाराला लाईट गेली. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं ही बातमी नाही, कुठेतरी फांदी पडते, तारा एकमेकींना लागतात, मग वायरमन बिचारा चिखल तुडवत शोधत फिरतो. इन्व्हर्टरवर हॉलचे दोन दिवे, किचनचा एक, एवढंच चालतं. फ्रीज बंद. गीझर बंद. सोलर पावसात शोभेला. संध्याकाळपर्यंत गाद्यासुद्धा ओल धरल्यासारख्या गार लागायला लागल्या.

आता माझा भाग. आम्ही बार्बेक्यूची शेगडी देतो, कोळशासकट पाचशे रुपये एक्स्ट्रा. त्यांनी मागितली, मी पाच किलोची कोळशाची गोणी आणि शेगडी पुढच्या गॅलरीत ठेवून आले. पाऊस आडवा मारत होता. सूनबाई म्हणाल्या, मावशी इथे तर पाणी येतंय. आणि मी म्हणाले, नाहीच जमलं तर दाराशी आत घ्या, फक्त फरशीवर निखारा पडू देऊ नका, डाग जात नाही. फरशीची काळजी! हे वाक्य मी नंतर पोलिसांना नाही, डॉक्टरांना नाही, मालकांनाही सांगितलं नव्हतं बरेच दिवस. नवऱ्याला माहितीये, आता तुम्हाला.

मी खालच्या आउटहाऊसमध्ये राहते, हाकेच्या अंतरावर. रात्री पावणेबाराला दार वाजलं. थोरले काका छत्रीशिवाय उभे, निथळत.

मटण कुठून आणलंत तुम्ही?

मला काही कळेना. मग कळलं की वर सगळ्यांना उलट्या होताहेत, डोकी दुखताहेत, पोरं लोळताहेत. विषबाधा झालीये म्हणाले. बंद फ्रीजमधलं मटण, त्यात राजूरचं, कोण जाणे कधी कापलेलं. कधी कापलेलं म्हणजे? माझ्या डोळ्यांदेखत कापलेलं! मी ओआरएसची पाकिटं घेतली, बॅटरी घेतली, आणि वर जाईपर्यंत आमचं भांडण सुरूच. हॉलमध्ये पोचल्यावरही मी पाचेक मिनिटं भांडत होते, कमरेवर हात ठेवून, मटण कसं ताजं होतं ते सांगत. त्याच हवेत उभी राहून. आज आठवलं की अंगावर काटा येतो, ती पाच मिनिटं माझ्या मानापमानात गेली.

भांडता भांडता मी बघत होते तेवढं मात्र बरं. पहिली गोष्ट, हॉल उबदार होता. सगळ्या बंगल्यात ओल आणि हॉल कसा बाळंतिणीच्या खोलीसारखा. दुसरी गोष्ट, आजी. आजी सोफ्यावर आडव्या, कपाळ गच्च धरलेलं, विचारलं ते धड कळत नव्हतं. आणि आजींच्या गळ्यात माळ. माळकरी बाई! सकाळीच मला म्हणाल्या होत्या, माझं पातेलं वेगळं ठेव गं बाई. त्यांनी वरणभात खाल्लेला. मटणाचा थेंब नाही आणि सगळ्यात जास्त त्रास त्यांना.

मी विचारलं, जुलाब कुणाला? कुणालाच नाही. पोटात कळ? नाही. नुसतं डोकं, मळमळ, चक्कर, पाय लटपट. मग म्हटलं जावई कुठे आहेत, तर धाकट्या ताई चिडून म्हणाल्या, त्यांना काय होतंय, मागच्या पडवीत घोरताहेत. त्यांची जरा जास्त झाली होती म्हणून बायकोने गोधडी देऊन बाहेर हाकललं होतं. मटण सगळ्यात जास्त खाल्लं कुणी? त्यांनीच. चार वाट्या रस्सा. आणि तो माणूस पडवीत टुणटुणीत. तेवढ्यात वरून त्या कॉलेजच्या दोघी खाली आल्या, रेंज येते म्हणून खिडकी उघडून बसलेल्या, त्यांनीही मटण खाल्लेलं आणि काहीच झालेलं नाही, उलट काय ओव्हरॲक्टिंग चाललीये असा चेहरा.

तेव्हा माझी नजर कोपऱ्यात गेली. शेगडी दाराशी नव्हतीच, हॉलच्या आत टीपॉयशेजारी होती, धूर नाही, ज्वाळा नाही, वर पांढरी राख आणि आत लाल. चिकन भाजून झाल्यावर ऊब छान येतेय म्हणून पोरांच्या गाद्या तिच्याभोवती घातल्या होत्या आणि वर अजून दोन मुठी कोळसा टाकला होता.

माझं माहेर घाटघरकडचं. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, शेकायला, ओव्याची धुरी द्यायला. आमची आजी सुईणपण करायची आणि तिचा एक हेका असायचा, शेगडी आत तर दार किलकिलं, मग बाहेर कितीही पाऊस असो. कुणी दार लावलं तर शिव्या घालायची. का ते कधी सांगितलं नाही तिने, तिलाही बहुतेक माहीत नव्हतं. आणि आमच्या घराला दार लावलं काय न लावलं काय, कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, घर चहूबाजूंनी श्वास घेणारं. हा बंगला म्हणजे स्लॅब, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, कडेला रबर. आणि वर हॉलला दोन झरोके होते ते आधीच्या पावसाळ्यात पाणी येतं, किडे येतात म्हणून गेस्ट ओरडायचे, तेव्हा मीच माणूस बोलावून ॲक्रिलिक लावून सिलिकॉनने बंद करून घेतले होते. बिल पण मीच पाठवलं मालकांना.

मी ओरडले, बाहेर! सगळे बाहेर! शेगडी पोतं गुंडाळून धरली आणि गॅलरीतून खाली पावसात फेकून दिली, हात भाजला तो सकाळी कळला. खिडक्या उघडल्या, पुढचं मागचं दार उघडलं, वारं नुसतं घोंघावत आत आलं. पोरांना उचलून पडवीत नेलं. आजींना चादरीत घालून दोघांनी नेलं. नऊ वर्षांचा मधला पोरगा उठवला तरी परत मान टाकत होता, आणि त्याची आई त्याला उचलायला गेली ती उंबऱ्यावरच बसली.

आता गंमत ऐका, गंमत कसली म्हणा. फर्स्ट एडच्या डब्यात कोरोनातला ऑक्सिमीटर होता. थोरल्या काकांनी आजींच्या बोटाला लावला, ९८. पोराला लावला, ९७. काका म्हणाले बघा, ऑक्सिजन उत्तम आहे, तुम्ही उगाच शेगडीचं काढलंत, मटणच आहे. दोन सेकंद मीपण गडबडले. पण समोर पोरगं मान टाकतंय आणि आकडा म्हणतोय सगळं झकास, मी आकड्यावर नाही विश्वास ठेवला. काकांशी परत वादही घातला नाही. म्हटलं मटण तर मटण, चला दवाखान्यात.

तेवढ्यात रेंज गेली, १०८ ला फोन लागेना. जावई गाडी चालवण्याच्या स्थितीत नाहीत, बाकीच्यांना चक्कर. माझ्या नवऱ्याने त्यांची सात सीटची गाडी घेतली, आजी, तो पोरगा, त्याची आई आणि मी. दुसरी गाडी त्या कॉलेजच्या मुलींपैकी मोठीने घेतली, लायसन्सला वर्षही झालं नव्हतं म्हणे, बाकी सगळ्यांना घेऊन आमच्या लाल दिव्यांच्या मागे मागे. हात पुढे केला तर दिसत नाही असलं धुकं, रंधा धबधब्याच्या अलीकडे रस्त्यात आडवी फांदी, ती नवऱ्याने आणि मी ओढून काढली. एरवी अर्ध्या पाऊण तासाचा रस्ता, सव्वा तास लागला. सगळ्या काचा खाली ठेवल्या होत्या, पाऊस आत येत होता, आणि त्या पोराची आई रडत रडत म्हणतेय, भिजतोय तो, काच लावा ना. मी लावू दिली नाही. ती तेव्हा मला काय म्हणाली ते लिहीत नाही, आई होती.

राजूरला डॉक्टर म्हणजे पंचविशीतला मुलगा, झोपेतून उठलेला. मी म्हटलं बंद खोलीत कोळशाची शेगडी होती, त्याने पुढचं काही ऐकलंच नाही, आधी मास्क लावले, फुल ऑक्सिजन, मग विचारत बसला. काकांनी ऑक्सिमीटरचं सांगितलं तर म्हणाला तो फसतो. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो, ऑक्सिजनची जागाच अडवून बसतो. बोटाला लावायचं ते मशीन रक्ताचा रंग बघतं, आणि या वायूने भरलेलं रक्तही लालभडकच दिसतं, मग मशीनला वाटतं सगळं ठीक. मी आमच्या आजीच्या नियमाचं सांगितलं, राख धरली की आणि धूर थांबला की शेगडी आत आणायला हरकत नाही असंही आमच्याकडे म्हणतात, तर म्हणाला हे मात्र चूक, धूर थांबला तरी वायू थांबत नाही, उलट धूर नाही म्हणून माणूस बिनधास्त झोपतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायलाच चार पाच तास लागतात, मास्कने तास दीड तासात होतो. म्हणून घाई.

पहाटे पाचला आजींनी डोळे नीट उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, माझं पातेलं कुणी त्यात नाही ना घातलं? मी आणि ती नर्स हसलो आणि मग मी बाहेर जाऊन बाकावर बसून जी रडले ती रडलेच. पोरगं सहाला पारले बिस्किट मागत होतं. त्याला आणि आजींना पुढे तपासणीसाठी नाशिकला हलवलं, दोन दिवसांत घरी सोडलं. महिनाभराने सूनबाईंचा फोन आला होता, दोघंही ठणठणीत.

मालकांना मी सगळं सांगितलं, दाराशी आत घ्या हे सोडून, आणि ते मी दिवाळीनंतर सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले झरोक्यांचं बिल मीच पास केलं होतं की. झरोके उघडले, आता जाळी आहे. येतं थोडं पाणी, फडकं ठेवते. शेगडी आता फक्त खाली मोकळ्या पत्र्याच्या शेडखाली, चारी बाजू उघड्या, आणि साखळीने बांधलेली, कारण लोक उचलून आणतात हो, खरंच आणतात, सांगितलं तरी. हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, पांढरी डबी आहे छोटीशी. प्रत्येक ग्रुपमधला एकजण मला बाजूला घेऊन विचारतो की मावशी हा कॅमेरा आहे का.

एक राहिलंच. रविवारी सकाळी साडेआठला आम्ही बंगल्यावर परतलो, काका, नवरा आणि मी, सामान आवरायला. दार सताड उघडं, हॉलमध्ये पाऊस आलेला, आणि किचनमध्ये जावई एकटेच. गाड्या रात्री गेल्या ते त्यांना कळलंच नव्हतं, सकाळी उठले तर घरात कुणी नाही, फोनला रेंज नाही, वाटलं सगळे धबधबे बघायला गेले. पातेल्यातला उरलेला रस्सा त्यांनी गॅसवर चांगला उकळून घेतला होता आणि पावाबरोबर खात बसले होते. काका दारातच थांबले. जावईबापू म्हणाले, मावशी, मटण कुठून आणलंत हो तुम्ही? आज तर कालच्यापेक्षा भारी लागतंय.