एका रंगाची लादी : आमची वाटचाल

कोल्हापूरजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात आधी मोझॅक लादी निघायची, चिपांची, बसवल्यावर मशीनने घासून घ्यायची. मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स तालुक्याच्या दुकानांत पोचल्या आणि मोझॅकचं गिऱ्हाईक आटलं. आम्ही साचे बदलून नक्षीच्या सिमेंट टाइल काढायला लागलो, आणि तिथून एकरंगी टाइलकडे वळलो. आज निम्म्याहून जास्त माल एकरंगीच जातो. पाहणाऱ्याला वाटतं नक्षी अवघड आणि सपाट रंग सोपा. कारखान्यात उलटं असतं. नक्षीत शेडचा फरक खपून जातो, छोटा डाग पाकळीत लपतो. एकरंगी जमिनीवर नजर अडवायला काहीच नसतं. पाण्याचा ओघळ, लोणा (लादीवर फुटणारा पांढरा क्षार), गवंड्याचा गेरू, सगळं दारातून दिसतं. म्हणून आमची वाटचाल म्हणजे मुख्यतः डाग कुठून येतात ते शोधून एकेक बंद करणं.

ही लादी भट्टीत भाजत नाहीत. दाबून बनवतात आणि पाण्यावर पिकवतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स आणि स्पेनमध्ये ही पद्धत रुळली. आपल्याकडे १९२२ साली मुंबईत ‘भारत फ्लोअरिंग्ज’ सुरू झाली, स्वदेशीच्या लाटेत. दक्षिण मुंबईच्या जुन्या इमारतींचे जिने-व्हरांडे बघितले की या लादीचं आयुष्य कळतं. तमिळनाडूतल्या आत्तनगुडीची लादी याच कुळातली, फक्त ती प्रेसऐवजी काचेवर ओततात आणि चकाकी काचेची येते.

आमच्या लादीचे थर तीन. वरचा रंगाचा थर ३ मिलिमीटर. त्यासाठी एका घाण्याला, म्हणजे एका वेळी कालवायच्या मालाला, १० किलो पांढरं सिमेंट, १० किलो संगमरवराची भुकटी, ४०० ते ५०० ग्रॅम ऑक्साइडचा रंग आणि साडेपाच लिटरच्या आसपास पाणी लागतं. डोशाच्या पिठाइतकं सैल झालं की साच्यात ओतायचं. एवढ्यात २० बाय २० सेंटिमीटरच्या साधारण १०० लाद्या होतात, म्हणजे ४ चौरस मीटर. त्यावर करड्या सिमेंटचा आणि बारीक रेतीचा कोरडा थर चाळणीने पसरायचा. हा थर वरचं पाणी शोषून घेतो. सगळ्यांत शेवटी मूठ वळली तर गोळा राहील एवढीच ओल असलेला सिमेंट-क्रश सँडचा माल. मग प्रेस. चौरस सेंटिमीटरला १४० किलो धरले तर या मापाच्या लादीला ५६ टन दाब पडतो, म्हणून प्रेस ६० टनांच्या खालचा चालत नाही. साचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेतो. तळाच्या पत्र्यावर ओरखडा आला तर तो प्रत्येक लादीवर उमटतो, त्यामुळे पत्रा हा साच्याचा सगळ्यांत महागडा भाग समजावा.

बिघाड होतो तो बहुधा मधल्या थरात. कोरडा थर पातळ पडला तर पाणी वरच राहतं, लादी पत्र्याला चिकटते आणि सोडवताना रंग फाटतो. जास्त जाड पडला तर रंगाचा थर खालच्याला धरत नाही. पहिल्या दिवशी लादी चांगली दिसते, पण पुढे कडेने पापुद्रा सुटतो. थर नीट बसलाय का ते बघायला प्रत्येक घाण्यातली एक लादी फोडून तुटलेली कड बघतो. रंग आणि पाठ यांच्यामध्ये रेघ दिसली तर तो घाणा बाजूला.

शेडचं गणित वजनावर चालतं. वाटीने रंग मोजणं आम्ही बंद केलं, कारण पिवळा ऑक्साइड हलका आणि फुगीर, लाल दाबून बसणारा. एक वाटी म्हणजे प्रत्येक वेळी वेगळं वजन. सिमेंटच्या ५ ते ६ टक्क्यांपुढे रंग घातला तर शेड फारशी गडद होत नाही, फक्त खर्च वाढतो, आणि १० टक्क्यांपुढे ताकदच कमी होते. पाण्याचंही तसंच. त्याच घाण्यात पाणी थोडं जास्त झालं की रंग फिका. ओल्या लादीची शेड तर कधीच ताडून बघू नये, ती पूर्ण सुकेपर्यंत फसवते. म्हणून ताज्या घाण्याचा तुकडा मंजुरीला देत नाही.

लाल, पिवळा, काळा हे लोहाचे ऑक्साइड. चुन्याला आणि उन्हाला टिकतात, स्वस्तही आहेत. हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड, तो महाग पण खात्रीचा. अडचण निळ्याची. टिकाऊ निळा कोबाल्टचा, त्याची किंमत ऐकून बरेच जण राखाडीवर येतात. स्वस्त निळ्या भुकट्या सिमेंटच्या चुन्यात किंवा उन्हात उडतात, म्हणून त्या आम्ही ठेवतच नाही. काळ्यासाठीही काजळीचा रंग नको, लोहाचाच हवा. काजळीचे कण इतके बारीक असतात की पुसून पुसून निघून जातात. काळ्या लादीला पांढऱ्या सिमेंटची गरज नाही, करडं चालतं. विटकरी लालही करड्यावर होतो, पण स्वच्छ उजळ लाल हवा असेल तर पांढरंच लागतं.

आता लोणा. सिमेंट पिकताना सुटलेला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेत पांढरा होतो आणि काळ्या, लाल लादीवर ढग दिसतात. त्यात रेतीतली आणि पाण्यातली मिठं भर घालतात. खाडीची रेती आम्ही वापरत नाही. क्रश सँडही धुऊन घेतो, भुकटी जास्त असली तर पाणी जास्त मागते आणि जास्त पाणी म्हणजे जास्त लोणा. मचूळ बोअरचं पाणी रंगाच्या थराला चालत नाही. पांढऱ्या लादीवर लोणा दिसायची भीती कमी, पण तिला रेतीतला लोहाचा कण पुरतो. महिन्याभराने तिथे तांबडा ठिपका उमटतो.

प्रेसमधून निघालेली लादी एक दिवस घोड्यावर (मांडणीवर) उभी, ओल्या गोणपाटाखाली. मग एक दिवस हौदात. त्यानंतर सावलीत, ओल टिकवून, ४ आठवडे. उन्हात घाईने वाळवलेली लादी वाकते आणि तिचे कोपरे उठतात. आयएस १२३७ या भारतीय मानकाप्रमाणे सिमेंटच्या लादीने १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये. घरच्या घरी बघायची सोपी रीत म्हणजे सुकी लादी तोलायची, एक दिवस पाण्यात बुडवून पुसून परत तोलायची. १६०० ग्रॅमची लादी १७६० च्या वर गेली तर माल ढिला.

पॅकिंगमध्ये एक नियम कडक आहे. पूर्ण सुकल्याशिवाय प्लास्टिक गुंडाळायचं नाही. आत ओल कोंडली की लादीवर नकाशे उमटतात. लाद्या उभ्या, तोंडाला तोंड लावून, मध्ये कोरा कागद. वर्तमानपत्राची शाई उतरते. गगनबावड्याच्या घाटातून कोकणात माल जातो तेव्हा आडव्या रचलेल्या लाद्यांचे कोपरे उडतात, उभ्या टिकतात.

खोलीचा हिशेब आधी कागदावर करावा. १० बाय १२ फुटांची खोली घ्या. २० सेंटिमीटरची लादी, २ मिलिमीटर सांधा. एका बाजूला १५, दुसऱ्या बाजूला १८, एकूण २७०. दोन्हीकडे मिळून २ सेंटिमीटरची फट उरते, ती स्कर्टिंगखाली जाते, कापाकापी नाही. कडेने एक ओळ गडद घेतली तर ६२ लाद्या लागतात, आत १३ बाय १६, म्हणजे २०८. बुद्धिबळासारखी दोन रंगांत केली तर १०४ आणि १०४. वर ८ टक्के जास्त घ्या आणि उरलेल्या फेकू नका. पुढच्या वर्षी तंतोतंत तीच शेड आम्हीसुद्धा देऊ शकत नाही.

मात्र भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतील तर कडेचा गडद पट्टा ते जाहीर करतो. एका टोकाला पूर्ण, दुसऱ्या टोकाला निमुळता. ३-४-५ ने कोन तपासा: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, तर तिरकं अंतर ५ फूट यायला हवं. फरक बोटभर असेल तर पट्टा भिंतीपासून दोन ओळी आत घ्या, बाहेर मधल्याच रंगाची लादी. कापलेली निमुळती ओळ मग डोळ्यांत भरत नाही.

वजन विसरू नये. १८ मिलिमीटरची लादी चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास भरते. वर सांगितलेल्या खोलीत साडेचारशे किलो लादी, आणि खाली इंचभर मालाचा थर धरला तर मिळून टनभर. वाड्याच्या लाकडी माडीवर ही लादी आम्ही देत नाही. स्लॅबवर चिंता नाही.

बसवण्यात आमचा आग्रह पांढऱ्या ॲडहेसिव्हचा. खालचा कोबा सुकलेला आणि २ मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट न देणारा हवा. सुकलाय का ते बघायला दोन फुटी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आत दव धरलं तर थांबा. १० मिलिमीटर दात्याच्या थापीने ॲडहेसिव्ह ओढायचं, लादीच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. २० किलोच्या पिशवीत ३५ ते ४० चौरस फूट होतं. पाठीवर पाच ठिपके देऊन लादी दाबणं ही सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. ठिपक्यांच्या मधे पोकळी राहते, तिथे पाय किंवा कपाटाचा खूर पडला की तडा. रबरी हातोड्याने ठोकूही नये, हाताने दाबून सरकवावी. आणि चार-पाच खोक्यांतल्या लाद्या मिसळून लावाव्यात, नाहीतर शेडचे पट्टे पडतात.

गेरू लावलेलं सूत लादीवर मारायचं नाही. तो गेरू छिद्रांत बसतो तो कायमचा. खूण पेन्सिलीने, तीही पाठीवर.

सीलरचे (डाग मुरू न देणाऱ्या द्रवाचे) हात दोन, आणि पहिला ग्राउटच्या, म्हणजे सांधे भरायच्या मालाच्या, आधी. हे उलटं झालं की गडद ग्राउट लादीच्या कडेत झिरपतं आणि प्रत्येक लादीला चौकट दिसते, जी नंतर निघत नाही. सीलर आत मुरणारा, सायलेन-सिलोक्सेन जातीचा घ्यावा. वर चकाकीचा थर देणारा पायवाटेवर झिजून डागाळ दिसतो. ग्राउट लादीच्याच रंगाजवळचं, सांध्यातच भरायचं, ओल्या स्पंजाने लगेच पुसायचं. दुसरा हात सगळं पूर्ण सुकल्यावर. पावसाळ्यात कोकणात यासाठी दोन-तीन आठवडेही लागतात. ओल आत असताना सीलर मारला तर लोणा सीलरखालीच अडकतो.

हल्ली नव्या घरात फरशीवर प्लास्टिक आणि वर पीओपीचा थर टाकून रंगाऱ्याचं काम करतात. व्हिट्रिफाइडला ते ठीक, या लादीला घातक, कारण ओल कोंडते. आम्ही जाड पुठ्ठा अंथरायला सांगतो. त्याहून चांगलं म्हणजे सुतार-रंगारी गेल्यावरच लादी बसवणं.

भिंतीसाठी वेगळा साचा ठेवलाय, १२ मिलिमीटरचा. चौरस मीटरला २६ किलो. खाली सिमेंटचं खरखरीत प्लास्टर हवं. जिप्सम प्लास्टर किंवा पीओपीवर सिमेंटचं ॲडहेसिव्ह लावलं तर ओल लागताच दोघांच्या मधे फुगणारं मीठ तयार होतं आणि अख्खी ओळ सुटते. खाली सरळ पट्टी ठोकून वर चढत जावं, दिवसाला ४ फुटांच्या वर नाही. बाहेरच्या कोपऱ्याला लादी ४५ अंशांत कापून जोडायचा मोह टाळा. रंग फक्त ३ मिलिमीटर, कापलं की करडी पाठ डोकावते. त्याऐवजी रंगीत कडेची लादी आधी सांगितली तर बनवून देतो. शेगडीमागे फिकट रंग घेऊ नये, सीलर असला तरी फोडणीचे थेंब दिसतात. न्हाणीघरात शॉवरखालची भिंत भिजली की गडद होते आणि सुकली की परत मूळ रंगावर येते. हा दोष नव्हे, पण ज्यांना ते बघवणार नाही त्यांनी तिथे दुसरी टाइल लावावी.

वापरात एकच शत्रू मोठा, आम्ल. संडास-बाथरूमचं ॲसिड, लिंबू, चिंच, सांडलेली सोलकढी, सगळं सिमेंटला खातं आणि फिका ओरखडल्यासारखा डाग सोडतं. लगेच पाण्याने पुसलं तर बहुतेकदा वाचतं. लोणा आला तरी ॲसिड नाही. कोरड्या नायलॉन ब्रशने झाडावा. चुना संपत आला की त्याचं येणं आपोआप कमी होतं. फिकट रंगाच्या स्वयंपाकघरात गॅस सिलिंडरखाली लाकडी पाट ठेवावा, नाहीतर गंजाची गोल कडी उमटते. देवघरासमोर समईच्या तेलाचंही तेच, खाली ताम्हन असू द्या. रोजच्या पुसण्याला साधा सौम्य साबण पुरे.

मागणीचा नमुना सुकून हातात यायला महिना लागतो. त्यावर तारीख आणि घाण्याचा क्रमांक लिहून एक तुकडा गिऱ्हाइकाकडे, एक आमच्याकडे राहतो. मंजुरीनंतर माल ६ आठवड्यांत, जून ते सप्टेंबर ८ आठवड्यांत. दिवाळीत घरात राहायला जायचं असेल तर नमुना एप्रिलमध्येच मागवावा.