कार्ल्याचा अंधार, पाच फोटोंत

रविवार, रात्री

एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक करणं, शिकायचंय तर सूर्यास्त काढ, सगळे तेच काढतात, असा दादाचा सल्ला होता. मी कार्ल्याला गेले.

सूर्यास्ताचा फोटो नुसत्या काळ्या डोंगरांवरही निभावून जातो. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, ती पळवाट नाही. स्तूपाजवळून बाहेर बघितलं की समोर नालेच्या आकाराची प्रचंड कमान, तिच्यातून दुपारनंतर येणारा पश्चिमेचा उजेड. आणि खांबांच्या मागे इतका काळोख की डोळे सरावेपर्यंत भिंत कुठे आहे तेच कळत नाही. कमानीचा उजेड धरून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, ठेवलं की खांबांवरचे हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी गडप. खांबांचं धरलं की कमान म्हणजे नुसता पांढरा डाग. डोळ्यांना मात्र दोन्ही दिसतं, कारण नजर फिरेल तशी बाहुली आकसते-पसरते आणि मेंदू त्या सगळ्याचं एकच चित्र करून हातात देतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये ही सवलत नाही.

म्हणून ब्रॅकेटिंग, म्हणजे तेच दृश्य कमी-जास्त प्रकाश घेऊन अनेकदा काढणं. आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) 100 आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/8 कायम, बदलायचा तो फक्त शटर स्पीड, म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा ते. ॲपर्चरला हात लावला तर दर फोटोत पुढचं-मागचं स्पष्ट दिसण्याची हद्द बदलते आणि मग ते एकमेकांवर नीट बसत नाहीत. आज 1/60, 1/15, 1/4, 1 आणि 4 सेकंद असे पाच काढले. प्रत्येकात आधीच्याच्या चौपट प्रकाश, म्हणजे दोन स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). पहिल्या आणि शेवटच्या फोटोत 256 पटींचा फरक पडतो, हे कागदावर मांडलं तेव्हा मलाच खरं वाटेना.

चार सेकंद कॅमेरा हातात स्थिर राहणं अशक्य, आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. मग सॅक जमिनीवर आडवी टाकली, तिच्यात कॅमेरा रुतवला आणि सेल्फ-टायमर लावला, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्काही टळतो. मी पोटावर पालथी. सुरक्षारक्षक येऊन एकदा बघून गेला, बोलला काही नाही. इतक्या खालून छताच्या लाकडी कमानी काय दिसतात! दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड ते. उभ्यानं काढला असता तर हा कोन सुचलाही नसता.

अडचण माणसांची. शेजारीच एकवीरा आई, त्यामुळे दर्शन झालेली मंडळी सहज आत डोकावतात. 1/60 मध्ये एक काका ठळक उभे, एका सेकंदात त्यांचा धूर, चारमध्ये ते गायबच. पाच फोटो एकत्र केले तर त्यांचं अर्धपारदर्शक भूत उरलं. सॉफ्टवेअरला सांगता येतं की तेवढ्या भागापुरता एकच फोटो धर. मी चार सेकंदांचा धरला, काका गेले.

खरी गंमत जोडल्यानंतर. एकत्र केलेल्या फाइलमध्ये उजेडाचा जेवढा पल्ला असतो तेवढा साध्या स्क्रीनला दाखवताच येत नाही. तो दाबून बसवावा लागतो, तेच टोन मॅपिंग. तिथल्या पट्ट्या सरकवायला लागलं की हात थांबत नाही. काळोख उजळला, दगडाची छिद्रं न् छिद्रं दिसायला लागली, खांबांच्या कडेनं पांढरट वलय उमटलं. आईला दाखवला. म्हणाली, "लेण्यात ट्यूबलाइटी लावल्यात का गं?"

बरोबर बोलली. एचडीआर म्हणून मिरवले जाणारे निम्मे फोटो मला असेच लग्नाच्या हॉलसारखे वाटतात.

या खटपटीची मुळं जुनी आहेत. गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार 1850 च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्यावर घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापायचा, कारण तेव्हाच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या उजेडाला इतक्या हळव्या की समुद्र नीट यावा तर ढग पुसले जायचे. पुढे 1997 मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या शटर स्पीडच्या फोटोंवरून जागोजागचा उजेड एकमेकांच्या तुलनेत किती, हे गणितानं काढायची रीत मांडली. हे मलिक मथुरेचे, आयआयटी कानपूरचे. आता फोन न विचारताच अनेक फोटो काढून जोडून देतो. सावली किती ठेवायची हेही तोच ठरवतो, म्हणून मी कॅमेऱ्याला चिकटून आहे.

आत्ता दुसरी प्रत केली. पट्ट्या बऱ्याच मागे आणल्या, खांबांमागची भिंत पुन्हा काळोखात जाऊ दिली, हत्तींच्या सोंडा जेमतेम दिसतील इतकंच ठेवलं. कमानीतलं आकाश अजून राखाडी, मळकट येतंय. तेवढ्या भागात बहुधा 1/60 चा फोटो एकटाच वापरावा लागेल. दादाला यातलं काहीच पाठवलेलं नाही. तो लगेच सूर्यास्ताचं काढेल.