तिला खायला द्या

याईराच्या मुलीची कथा आम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत, परंतु तिच्या शेवटच्या वाक्यावर उपदेशांत फारसे कोणी थांबत नाही. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ती मेलेली बारा वर्षांची मुलगी प्रभू येशूच्या शब्दाने उठून चालू लागते, घरातली माणसे थक्क होतात, आणि तेवढ्यात तो सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. मरणातून परत आलेल्या लेकराला भूक लागली असेल, हे आनंदाच्या भरात आईबापांच्याही ध्यानात आले नसावे. ख्रिस्ती सेवेविषयी जे काही मला समजले आहे त्याचे मूळ या वाक्यात आहे. मेलेल्याला उठवण्याचे सामर्थ्य आपल्याकडे नाही. समोरचा माणूस जेवला आहे की नाही हे पाहणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे, आणि तेच आपल्याकडून अधिक राहून जाते.

कोल्हापूरच्या माणसाला मदतीसाठी दोनदा हाक मारावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी चिखली, आंबेवाडी आणि शहराच्या सखल भागात शिरले, तेव्हा तालमी, तरुण मंडळे, मंदिरे, मशिदी आणि चर्च यांपैकी कोणीही मागे राहिले नाही. तरीही मदत आणि गरज यांची गाठ प्रत्येक वेळी पडलीच असे नाही. जुन्या कपड्यांचे ढीग वाढत गेले, आणि रक्तदाबाची नेहमीची गोळी घरातच राहिलेली आजी ते कोणाला सांगावे या संकोचात गप्प बसून राहिली. गुरांना वैरण हवी होती. बायकांना आडोसा हवा होता, आणि पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू पुरुष स्वयंसेवकांकडे मागायची त्यांची तयारी नव्हती. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ उपसायला चार धडधाकट हात लागत होते, पण तोवर गर्दी पांगली होती. यात कोणाच्या दयेत उणीव होती असे मी म्हणणार नाही. आपल्याजवळ जे आहे ते देण्याआधी समोरच्याला काय हवे आहे हे विचारायचे राहून गेले, एवढेच. यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते, तरीसुद्धा प्रभूने त्याला जवळ बोलावून, मी तुझ्यासाठी काय करू, असे विचारले आणि उत्तर त्याच्याच तोंडून ऐकून घेतले.

ही विचारपूस शिकायची असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात जाऊन बसावे. गगनबावडा, चंदगड, आजरा अशा लांबच्या तालुक्यांतून आलेल्या रुग्णाबरोबर बहुधा एकच नातेवाईक असतो. फळे वाटायला येणारे पुष्कळ असतात, आणि ती वाटू नयेत असे माझे म्हणणे नाही. परंतु त्या एकट्या नातेवाइकाची खरी अडचण ही असते की रुग्णाला सोडून त्याला अंघोळीलासुद्धा जाता येत नाही. रक्ताची चाचणी कोणत्या खिडकीवर होते, शासनाच्या आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका लागते आणि ती गावाकडे पेटीत आहे, फोन बंद पडल्यामुळे घरी काहीच कळवता आलेले नाही, या गोष्टी त्याच्या शेजारी अर्धा तास बसल्याशिवाय बाहेर येत नाहीत. "दादा, तुम्ही जेवून या, मी बसतो यांच्याजवळ," हे एक वाक्य तिथे पुष्कळ काम करते. अशा वेळी सुवार्तेची पत्रके खिशातच ठेवावीत, असे माझे ठाम मत आहे, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही आणि आपल्या सेवेची किंमत त्याला ऐकून घेण्याच्या रूपाने मोजावी लागू नये. त्याने आपणहून विचारले, तर आपण कोणाचे आहोत हे जरूर सांगावे.

आपल्या भागाला या सेवेचा वारसा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले, आणि त्याचा आधार आजही अनेक घरांत कृतज्ञतेने सांगितला जातो. मात्र संस्था उभी असली की, सेवा तिथे होतेच आहे, असे मानून आपण निश्चिंत होतो, आणि उपासनेला आपल्याच बाकावर बसणारी बाई तीन रविवार का आली नाही हे कोणी विचारत नाही. यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही हेच घडले होते. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर निघाली, तेव्हा प्रेषितांनी केवळ प्रेमाने वागा असा बोध केला नाही. त्यांनी चांगल्या नावलौकिकाची सात माणसे निवडायला सांगून ते काम त्यांच्या हाती सोपवले. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. दुर्लक्ष दुष्टपणातूनच होते असे नाही, पण ते थांबवायला सद्भावना पुरत नाही. कोणी कोणाकडे पाहायचे हे ठरवावे लागते.

आमच्या मंडळीत भगिनी मंडळाने हे काम अंगावर घेतले आहे. लागोपाठ दोन रविवार न दिसलेल्या व्यक्तीच्या घरी दोघी जणी जातात, प्रार्थना करतात, आणि निघण्यापूर्वी घरात काय अडले आहे ते विचारतात. एका वृद्ध मावशींना पैशांची काहीच अडचण नव्हती. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत सोबत येणारे कोणी नव्हते. आता पावसाळ्याआधी नदीकाठच्या गल्ल्यांतून फिरून, कोणत्या घरात एकटे म्हातारे माणूस आहे, त्याची औषधे कोणती, पाणी वाढले तर ते कोणाकडे जाणार आणि दारात जनावरे किती, हे विचारून वहीत लिहून ठेवायचे ठरले आहे. या वहीत ख्रिस्ती आणि इतर अशी वेगळी पाने असणार नाहीत.