बाबांच्या माथी मारलेला ७४९ रुपयांचा विमा

मेंबरशिप ४९९ रुपयांची होती, खात्यातून गेले १,२४८. औषधं घरपोच देणारं ॲप, वर्षभर डिलिव्हरी फुकट म्हणून बाबांनी घेतलेलं. वरचे ७४९ कसले, ते शोधायला ईमेलचा ढीग उपसावा लागला. जाहिरातींच्या मेलखाली दबलेलं सापडलं ‘सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स’: ग्रुप पॉलिसीखाली, म्हणजे ॲपवाल्यांनी आपल्या ग्राहकांसाठी एकत्र घेतलेल्या पॉलिसीखाली, एक वर्षाचा वैयक्तिक अपघात विमा.

ते सर्टिफिकेट नीट वाचलं हे बरं झालं. जन्मतारीख १ जानेवारी, आणि बाबा तर ऐन गणपतीतले. नॉमिनीच्या रकान्यात नाव नाही, नुसतं ‘लीगल हेअर’, म्हणजे कायदेशीर वारस. बाबा म्हणाले, "अगं, मला विचारलं असतं तर तुझ्या आईचं नाव घातलं नसतं का?" हे वाक्य मी पुढे तक्रारीत जसंच्या तसं टाकलं.

कस्टमर केअरची टोलवाटोलवी अपेक्षित होती, तशीच झाली. ॲपवाले म्हणाले पॉलिसी विमा कंपनीची, तिकडे बोला. विमा कंपनी म्हणाली ग्रुप पॉलिसी आहे, मास्टर पॉलिसीधारक म्हणजे ॲपवालेच सांगतील. फ्री-लूकबद्दल, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायच्या सोयीबद्दल विचारलं, तर ती ३० दिवसांची सवलत वैयक्तिक पॉलिसीला, तुमची ग्रुपची, असं उत्तर. बाबा वैतागून म्हणाले, "राहू दे गं, साडेसातशेसाठी किती डोकं पिकवशील!"

मग एकीने गोड आवाजात तोडगा सुचवला, "मॅडम, मी लिंक पाठवते, तुम्ही पॉलिसी कॅन्सल करून टाका." मी ती लिंक उघडलीसुद्धा नाही. रद्द करायचं म्हणजे आधी विमा घेतला होता हे मान्य करायचं, आणि मग पैसे मिळतात ते फक्त उरलेल्या मुदतीच्या हिशेबाने. आमचं म्हणणं वेगळं होतं. हा विमा आम्ही मागितलाच नव्हता, तेव्हा पैसे पूर्ण परत हवेत. यापुढे मी एकच प्रश्न लावून धरला: बाबांनी संमती दिल्याची नोंद दाखवा.

त्यासाठी माझ्या फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावून तीच मेंबरशिप पेमेंटच्या पानापर्यंत नेली. ‘बिलाचा तपशील’ या मिटलेल्या पट्टीवर बोट ठेवल्यावर आत ‘सुरक्षा कवच ₹७४९’, आणि चौकटीत टिक आधीच केलेली! पट्टी उघडली नाही तर ती दिसतच नाही.

ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम इथे उपयोगी पडले. त्यातला नियम ४(९) सांगतो की ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच घ्यायची, आधीच टिक केलेल्या चौकटीतून नाही. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणारी ॲपची मांडणी, रोखायची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत ‘बास्केट स्नीकिंग’ आहेच, म्हणजे न विचारता टोपलीत माल सरकवणं. ॲपच्या आणि विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना मी एकच मेल केली, दोघांना समोरासमोर ठेवून, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय उरली नाही. सोबत रेकॉर्डिंग आणि सर्टिफिकेट. ई-कॉमर्सच्या त्याच नियमांप्रमाणे ॲपवाल्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. पोच आली, उत्तर येईना.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक मिळतो. हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, तक्रार पुढे पाठवते, पण तेवढ्यानेही फोन यायला लागतात. विमा कंपनीची तक्रार विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर वेगळी टाकली. पुढची पायरी विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीने नकार दिलेला हवा किंवा तिला महिना देऊन झालेला हवा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे. ते कळल्यावर बाबांच्या अंगात एकदम उत्साह संचारला. "पुढचं तर स्टेशन! मी स्वतः जातो."

जायची वेळ आली नाही. आधी ‘गुडविल’ म्हणून थोडी कमी रक्कम आली. बिलाचा आकडा देऊन उलट लिहिलं की गुडविल नको, फरक पाठवा, आणि संमतीची नोंद अजून आलेली नाही. ती शेवटपर्यंत आलीच नाही, फरक मात्र आला.

एक गोष्ट पैसे आल्यावर लक्षात आली. यूपीआयमध्ये ऑटोपेचं मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, १,२४८ चंच जिवंत होतं, म्हणजे पुढच्या वर्षी विमा पुन्हा हजर. ॲपमधून नाही, यूपीआयच्या ऑटोपे यादीत जाऊन तिथूनच ते रद्द केलं. मेंबरशिप बाबांनी ठेवली आहे, त्यांच्या बीपीच्या गोळ्या तिथे स्वस्त पडतात.