रिकामी लेन

प्लेट उजेडात धरली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘कॉन्टॅमिनेशन’, म्हणजे बाहेरचे जंतू शिरले. रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक घातलेल्या माध्यमावर आम्ही जिवाणूंच्या साधारण दहा कोटी पेशी पसरल्या होत्या. एवढ्यांतून एखाद-दुसरी तगावी अशी अपेक्षा. ल्यूकोनॉस्टॉक या जिवाणूच्या प्लेटवर झालंही तसंच, दोन कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले दोन ठिपके. पण ईनोकॉकस ईनी या दुसऱ्या जिवाणूच्या प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दाटून आले होते. मार्करने टिंबं देत मोजत गेले, दोनशेच्या पुढे गेल्यावर थांबले.

“अँटिबायोटिक घातलं होतंस ना?” मी माझ्या विद्यार्थिनीला जरा जोरातच विचारलं.

“घातलं होतं, मॅडम. दोन्ही प्लेट एकाच बाटलीतून ओतल्यात.”

उत्तर माझ्या समोरच होतं. औषध कमी पडलं असतं तर ल्यूकोनॉस्टॉकही फोफावला असता. तिला विचारण्याआधी हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि हे मी तिला तिथेच सांगितलं.

ईनोकॉकस म्हणजे वाइनमधल्या आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारा जिवाणू. अतिशय संथ. कॉलन्या दिसायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे प्रयोग पुन्हा लावायचा तर तेवढे दिवस हातावर हात ठेवून बसायचं. पुन्हा लावला, आकडे तसेच आले.

रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेझला, म्हणजे डीएनएवरून आरएनए तयार करणाऱ्या एन्झाइमला, जिथे चिकटतं, तिथे त्याच्या आरपीओबी जनुकातलं एक अक्षर बदललं तरी पेशी वाचू शकते. म्हणजे ठिपके मोजणं हे डीएनएची नक्कल करताना राहिलेल्या चुका मोजणंच आहे. बहुतेक जिवाणूंत म्यूट-एस हे प्रथिन चुकीची जोडी हेरतं, म्यूट-एल पुढची यंत्रणा बोलावतं, मग नव्या धाग्याचा तेवढा तुकडा कापून पुन्हा लिहिला जातो. ही दुरुस्ती बंद पडली की म्यूटेशनचं प्रमाण शेकडो पटींनी वाढू शकतं.

म्हणून म्यूट-एसच्या जनुकासाठी पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या तेवढ्याच तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत वापरली. मग ते नमुने जेलमध्ये चालवून जेल यूव्हीखाली ठेवलं. प्रत्येक नमुन्याची एक लेन, आणि प्रती तयार झाल्या असतील तर तिच्यात चमकणारा बँड. ल्यूकोनॉस्टॉकला ठळक बँड, पेडिओकॉकस या तिसऱ्या जिवाणूलाही. ईनोकॉकसची लेन काळीकुट्ट. डीएनए खराब असेल म्हणून त्याच नळीतून 16एस या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा पीसीआर लावला, तो लख्ख आला. पण प्रायमर, म्हणजे प्रत सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, बसला नाही म्हणूनही लेन रिकामी राहते, तेवढ्यावरून जनुक नाही असं म्हणता येत नाही. संध्याकाळी आम्ही दोघी जीनोम शोधायला बसलो. जेमतेम 18 लाख अक्षरांचा जीनोम. म्यूट-एस नाही आणि म्यूट-एलही नाही. हे 2008 मध्येच प्रसिद्ध झालेलं होतं. आधी वाचलं असतं तर त्या मुलीला माझा तो आवाज ऐकावा लागला नसता.

मला खरं हलवून गेलं ते दुसरंच. 1995 पर्यंत ही प्रजाती ल्यूकोनॉस्टॉकमध्येच गणली जायची. इतक्या जवळच्या नात्यात एकाकडे दुरुस्ती शाबूत आणि दुसऱ्याकडे ती जनुकंच गायब, तरी तो तगून आहे! त्याच्या स्ट्रेन्समध्ये, म्हणजे एकाच प्रजातीतल्या वाणांमध्ये, इतकं वैविध्य का, याचं निदान एक कारण त्या काळ्या लेनमध्ये होतं.

मग आमच्या कल्चरची काळजी वाटू लागली. महिनोन्‌महिने एका नळीतून दुसरीत नेत वाढवलेला स्ट्रेन अजून तोच म्हणायचा का? दुसऱ्या दिवशी उणे 80 अंशांवरचा सगळ्यात जुना ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे गोठवून जपलेलं मूळ कल्चर, काढला आणि त्यातून नव्या कुप्या भरल्या. तिने प्रत्येक कुपीवर नाव, तारीख आणि त्याखाली मोठ्या अक्षरात पॅसेज क्रमांक, म्हणजे एका नळीतून दुसरीत नेण्याची कितवी खेप, तो लिहिला.