शनिवारचे ज्योतिषी

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि अनेक भल्या माणसांच्या अंगात ज्योतिषी संचारतो. उद्या छत्री न्यावी की नाही हे ज्यांना एरवी ठरवता येत नाही, ती माणसं शुक्रवारी रात्री छातीठोकपणे सांगतात की आयोवा चार गुणांनी जिंकणार. फुटबॉल म्हणजे अर्थात तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटवाला. पर्ड्यू, पेन स्टेट, टेक्सस ए अँड एम ही नावं आपल्याकडे आधी कुणाच्या तरी विद्यार्थी व्हिसासाठीच्या आय-ट्वेंटीच्या कागदावर वाचली जातात. वर्षभरात तोच मुलगा घरी फोन करून थर्ड डाउनला पास टाकायला नको होता म्हणून हळहळू लागतो. एव्हाना तो कुठल्या तरी अंदाजांच्या गटात ओढला गेलेला असतो, हे समजून जावं.

खेळाचा साधा प्रकार असा. गटातला एक जण आठवड्याचे दहा सामने निवडून शीट पाठवतो, बाकीच्यांनी दहा विजेते लिहायचे, ज्याचे जास्त बरोबर तो त्या आठवड्याचा राजा. पण वरच्या श्रेणीतच १३० हून जास्त संघ आहेत आणि त्यांच्या ताकदीतली दरी प्रचंड. सप्टेंबरात बडी विद्यापीठं लहान संघांना चक्क पैसे मोजून आपल्या मैदानावर मार खायला बोलावतात. असे सामने शीटवर टाकले तर सगळ्यांची उत्तरं सारखीच येतात. म्हणून दुसरा प्रकार, स्प्रेडचा. फेव्हरिट, म्हणजे जिंकेल असं धरलेल्या, संघाच्या गुणांतून काही गुण आधीच वजा धरायचे; तो आकडा म्हणजे स्प्रेड. ओहायो स्टेट उणे साडेसतरा, म्हणजे ओहायो स्टेट निदान १८ गुणांनी जिंकली तरच तिला लावणारा बरोबर. १७ ने जिंकली तर संघ नाचत घरी जातो आणि तिचा पाठीराखा मात्र हात चोळत बसतो.

तो शेवटचा अर्धा गुण उगाच नसतो. टचडाउनचे (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेण्याचे) सहा, त्यावरच्या किकचा एक, फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याचे) तीन. त्यामुळे सामने ३ किंवा ७ च्या फरकाने संपण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. स्प्रेड नेमका ३ ठेवला आणि सामना २४-२१ संपला की कुणीच बरोबर नाही, कुणीच चूक नाही, आणि गटात कलकलाट. अडीच ठेवला तर फेव्हरिटवाले खूश, साडेतीन ठेवला तर समोरचे. सामना ५ ने संपणार की ६ ने यावर डोकं शिणवणारा नवखा असतो. मुरलेला माणूस आकडा तीनच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच आधी बघतो.

स्प्रेडचा खरा छळ शेवटच्या दोन मिनिटांत होतो. आकडा साडेसतरा, धावफलक ३१-१०. फरक २१, सगळं ठीक चाललंय. मग प्रशिक्षक आपली पहिली फळी बाकावर बसवतो आणि राखीव पोरं मैदानात येतात. समोरचा संघ हरलेलाच असतो, पण त्यालाही इभ्रत असते. चार-पाच छोटे पास, मधूनच एक लांबलचक, आणि ४० सेकंद उरले असताना टचडाउन. ३१-१७. फरक १४. स्टेडियममधली निम्मी गर्दी गाड्या काढायला गेलेली असते, सामन्याच्या निकालाशी त्या टचडाउनचा काडीचा संबंध नसतो, पण कुठल्या तरी गटात एक जण सोफ्यावरून उठून हात वर करतो. उलटाही प्रकार होतो. आघाडीवरचा संघ समोरच्यांच्या दोन यार्डांच्या रेषेवर उभा आहे, एक ढकल दिली की टचडाउन, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा सूत्रधार खेळाडू, सभ्यपणे गुडघा टेकून वेळ संपवतो. खिलाडूवृत्ती म्हणून हे उत्तमच. ज्याला फक्त तीन गुण हवे होते त्याला मात्र त्या क्षणी ती वृत्ती बघवत नाही.

या सगळ्यात ज्ञान किती आणि नशीब किती? दर आठवड्याला दहा सामने, तेरा आठवडे, म्हणजे १३० अंदाज. स्प्रेड धरला की प्रत्येक अंदाज जवळपास नाणेफेक. निव्वळ नाणं उडवणाऱ्याचे ६५ च्या आसपास बरोबर येतील, आणि सहा इकडे की सहा तिकडे हे अगदी सहज. बारा जणांचा गट असेल आणि बाराही जण डोळे मिटून लिहीत असतील, तरी त्यांच्यातला पहिला ७४ च्या जवळ पोहोचेल. थोडक्यात, डिसेंबरात ७३ बरोबर घेऊन जो मिशा पिळत फिरतो, त्याला फुटबॉल कळतो असं सिद्ध होत नाही. कुणी तरी पहिला येणारच होतं, तो आला. हे त्याला सांगू मात्र नये. निदान पुढच्या हंगामाची शीट निघेपर्यंत तरी.

थोडं कौशल्य दिसतं ते वजनांच्या प्रकारात. इथे स्प्रेड नाही. सरळ विजेता लिहायचा, पण दहा सामन्यांना १ ते १० असे आकडे एकेकदाच वाटायचे. सर्वांत खात्रीचा त्याला १०, डळमळीत त्याला १. अंदाज बरोबर आला तर तेवढे गुण, एकूण ५५. बहुतेक जण चुकतात ते विजेता निवडताना नव्हे, वजन वाटताना. ढोबळ मानाने ३ गुणांचा फेव्हरिट दहापैकी पाच-सहा वेळा जिंकतो, ७ चा सातेक वेळा, १४ चा आठ-नऊ वेळा आणि २१ च्या पुढचा क्वचितच हरतो. आता समजा आपल्या लाडक्या विद्यापीठाला जिंकायची संधी ६० टक्के आहे आणि आपण प्रेमाने त्याला १० दिले. दुसरीकडे ९५ टक्क्यांचा एक रटाळ सामना आहे, त्याला उरलेले ४. सरासरी मिळकत ६ अधिक ३.८, म्हणजे ९.८. आकडे उलटे टाकले असते तर ९.५ अधिक २.४, म्हणजे ११.९. एका आठवड्यात प्रेमाची किंमत २.१ गुण. तेरा आठवडे हे असंच चाललं की २७ गुण गेले, आणि गटात पहिला आणि पाचवा यांच्यात एवढंच अंतर असू शकतं.

आघाडीवर असलेल्याने बहुमताबरोबर जावं, कारण सगळ्यांबरोबर चुकलं तर काही बिघडत नाही. मागे पडलेल्याने फेव्हरिटच लिहीत राहिलं तर तो कायम मागेच राहतो. त्याने आठवड्याला एखाद-दुसरा सामना उलटा लिहावा, तोही ३ ते ६ गुणांच्या फरकाचा. वीस गुणांनी हरेल असं धरलेल्या अंडरडॉगवर उडी मारणाऱ्याला शूर म्हणत नाहीत.

तरी या खेळात वीसचे डोंगरही कोसळतात आणि तिथेच लोकांचं डोकं फिरतं. खेळाडू अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची मुलं. २०२१ पासून विद्यापीठ बदललं तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे मागच्या वर्षीचा संघ आणि या वर्षीचा संघ यांत कधीकधी नाव आणि जर्सीच सारखी असते. २०१७ च्या सप्टेंबरात हॉवर्ड विद्यापीठाने लास व्हेगसच्या यूएनएलव्हीला तिच्याच गावात ४३-४० हरवलं, स्प्रेड होता ४५ गुणांचा. पण मित्रांच्या गटांना सर्वांत महागात पडलेला सामना विचाराल तर मी ३० नोव्हेंबर २०२४ चा सांगेन. कोलंबस, ओहायो. यजमान ओहायो स्टेट १० विजय आणि एक पराभव, पाहुणा मिशिगन ६ विजय आणि ५ पराभव, फरक सुमारे वीस गुणांचा धरलेला. त्या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठात पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरांवर लाल पट्टीने फुल्या मारतात, इतकं हे वैर जुनं. वजनांच्या शीटवर बहुतेकांनी १० तिथेच ठेवले असणार, आणि आकड्यांच्या हिशोबाने ते बरोबरच होतं. सामन्यात ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल हुकले, ४५ सेकंद उरले असताना मिशिगनने २१ यार्डांवरून एक टाकला, आणि १३-१०. त्याच ओहायो स्टेटने जानेवारीत नोटर डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. म्हणजे संघ ओळखायला कुणीच चुकलं नव्हतं.

चिवट वैरात मैत्रीची पैज कशी लावावी याचा सर्वांत जुना नाही, पण सर्वांत शहाणा धडा आयोवा आणि मिनेसोटाने घालून दिला आहे. १९३४ च्या सामन्यात आयोवाच्या ओझी सिमन्स या कृष्णवर्णीय खेळाडूला मिनेसोटाच्या खेळाडूंनी फार धसमुसळेपणाने पाडलं, अशी आयोवाकरांची तक्रार होती. पुढच्या वर्षी सामना आयोवा सिटीत. आयोवाचे गव्हर्नर क्लाइड हेरिंग म्हणाले की पंचांनी पुन्हा असला खेळ चालवून घेतला तरी प्रेक्षक चालवून घेणार नाहीत. वातावरण तापलं. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी तार केली: आपण दोघे एकेक उत्तम डुक्कर लावू, हरणाऱ्याने जातीने नेऊन द्यायचं. मिनेसोटा १३-६ जिंकली आणि हेरिंगसाहेब खरोखरच डुक्कर घेऊन ओल्सन यांच्या दारी गेले. एकाने तर जुगाराच्या कायद्याखाली तक्रारही ठोकली. पुढे त्या डुकराचा सुमारे ९८ पौंडांचा काशाचा पुतळा झाला, ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’ या नावाने. तो आजही दर वर्षी जिंकणाऱ्याकडे जातो. दोन गव्हर्नरांनी हजार डॉलर लावले असते तर ते कुणाला आठवलं असतं?

म्हणून गटाची पैज हास्यास्पदच असावी. हरणाऱ्याने सोमवारी प्रतिस्पर्धी विद्यापीठाची टोपी घालून कामावर यावं, दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांची ताटं उचलावीत. पैसे आले की लोक नियमांवर वकिली करू लागतात. शिवाय विद्यापीठाच्या क्रीडा विभागात काम करणाऱ्यांना आणि खेळाडूंना एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनुसार पैसे लावलेल्या गटात भाग घेता येत नाही, मग तो पाच डॉलरचा का असेना. तिथे अर्धवेळ नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शीट चालवणाऱ्याचं काम मात्र कुणी कौतुकाने पाहत नाही. स्प्रेड आठवडाभर हलतो, म्हणून बुधवारी रात्री नऊचा आकडा पक्का, असं एकदाच लिहून द्यावं. नाहीतर शनिवारी “अहो, मी लिहिलं तेव्हा साडेसहा होते” हे ठरलेलंच. सगळी शीट शनिवारी दुपारी बाराला बंद करायची की प्रत्येक सामना त्याच्या वेळेला, हेही आधी ठरवावं. बिग टेन या विद्यापीठांच्या संघटनेची जायबंदी खेळाडूंची यादी सामन्याच्या दोन तास आधी येते. दुपारी बाराला कुलूप लावलं तर रात्रीच्या सामन्याचा क्वार्टरबॅक खेळणार की नाही हे कुणालाच कळलेलं नसतं. माझं मत दुपारच्या कुलपाच्या बाजूने. अज्ञान सगळ्यांना सारखं वाटलं जातं.

गटात पुण्या-नागपुरात परतलेले माजी विद्यार्थी असतील तर घड्याळ सांभाळावं लागतं. पूर्व किनाऱ्यावरचे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे गेली की साडेदहा. रात्री साडेसातचा सामना आपल्या रविवारी पहाटे पाचचा, मग सहाचा. विजा चमकल्या तर शेवटच्या विजेपासून ३० मिनिटं खेळ थांबतो, आणि नवी वीज पडली की मोजणी पुन्हा शून्यापासून. सामना रद्दच झाला तर त्याचं वजन सगळ्यांच्या शीटवरून काढावं, दुसऱ्या सामन्यावर फिरवू नये. शीट भरायला विसरलेल्याला त्या आठवड्याचा गटातला सर्वांत कमी आकडा द्यावा. शून्य दिलं तर तो ऑक्टोबरातच खेळ सोडतो आणि सगळ्यांना त्याचीच टिंगल करायची असते.

डिसेंबरातल्या बोल सामन्यांचा, म्हणजे हंगामानंतर निवडक संघांना बोलावून खेळवल्या जाणाऱ्या सामन्यांचा, गट वेगळा काढावा, हे मी आग्रहाने म्हणेन. चाळीसच्या वर सामने, महिनाभर पसरलेले, आणि जोड्या जाहीर झाल्यावर संघ विरघळू लागतात. २०१६ मध्ये लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मकॅफ्री यांनी व्यावसायिक कारकीर्द जपायला बोल सामना सोडला, तेव्हापासून हे रूढच झालं. २०२३ ची फ्लोरिडा स्टेट १३-० अशी अपराजित होती. तरी अजिंक्यपदाच्या चार संघांत तिला घेतलं नाही आणि ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाशी खेळायला धाडलं. मधल्या आठवड्यांत तिचे डझनावारी खेळाडू बाजूला झाले, स्प्रेड जॉर्जियाकडे सरकत गेला, आणि ३० डिसेंबरला जॉर्जिया ६३-३ जिंकली. ज्यांनी जोडी जाहीर झाली त्याच संध्याकाळी, अपराजित संघ म्हणून, तिच्यावर मोठं वजन टाकलं, त्यांनी तो आकडा सामन्याच्या आदल्या रात्री टाकायला हवा होता. आणि शीट चालवणाऱ्याने तसं करू द्यायला हवं होतं.